बाळाचा घरगुती वजनकाटा: तेरा महिन्यांच्या वापरानंतर

बाळ तीन आठवड्यांचे झाले तेव्हा आम्ही घरी डिजिटल वजनकाटा आणला. त्यामागे एकच भीती होती: माझे दूध बाळाला पुरत नाही. रोज संध्याकाळी ते तासन्‌तास अंगावर पीत राही, सोडले की रडे, पुन्हा घेतले की दोन मिनिटांत डोळे मिटे, आणि घरातला प्रत्येक जण आपापल्या परीने तोच निष्कर्ष काढत असे. बाटलीवर आकडे असतात, छातीवर नसतात. म्हणून आकडा दाखवणारी एखादी वस्तू हाताशी असावी असे वाटले. आता बाळ चालू लागले आहे. या काट्याने काय दिले आणि काय हिरावले, हे नीट लिहून ठेवावे असे वाटते, कारण हीच भीती मनात घेऊन काटा विकत घ्यायला निघालेल्या बाळंतिणी अनेक असतील.

प्रथम वस्तूविषयी. काट्याचे ताट पन्हळीसारखे खोलगट आहे, वजनाची मर्यादा 20 किलो आहे आणि आकडा 5 ग्रॅमच्या टप्प्याने बदलतो. पेन्सिल सेलवर चालतो. दुपटे आधी ठेवून आकडा शून्यावर आणण्याचे बटण आहे, आणि बाळ हलत असेल तर काही सेकंदांची सरासरी काढून आकडा स्थिर धरण्याची सोय आहे. बाळाला ठेवण्यापूर्वी मी काट्याचीच परीक्षा घेतली. रिकामे भांडे ठेवून शून्य केले आणि मोजपात्राने मोजलेले एक लिटर पाणी त्यात ओतले. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो भरायला हवे. काट्याने तीन वेळा 995 ते 1005 ग्रॅमच्या दरम्यान दाखवले. हाच प्रयोग सतरंजीवर केला तेव्हा आकडा 40 ग्रॅमने घसरला. काटा कडक, सपाट फरशीवरच ठेवावा लागतो, आणि तोही दर वेळी त्याच जागी. माहितीपत्रकात हे बारीक अक्षरांत शेवटी दिले आहे. खरे तर ते पहिल्या पानावर हवे होते.

स्थिर आकड्याच्या सोयीबद्दल माझे मत संमिश्र आहे. झोपलेल्या बाळाचे वजन ती अचूक धरते, पण पाय झाडणाऱ्या बाळाच्या दोन लागोपाठच्या मोजण्यांत 15 ग्रॅमचा फरक मी अनेकदा पाहिला. यावर उपाय म्हणून मी तीनदा मोजून मधला आकडा वहीत लिहू लागले. आकडा दाखवणारी उजेडाची पट्टी मिनिटभरात विझते आणि आकडाही तिच्यासोबत जातो, म्हणून पेन हाताशी हवे.

या काट्याला कोणता प्रश्न विचारायचा हे मला ठाऊक नव्हते, आणि पहिल्या पंधरा दिवसांतला सगळा मनस्ताप तिथून आला. मी त्याला विचारत होते, “आत्ता किती प्यायले?” पाजण्यापूर्वी आणि पाजल्यानंतर, लंगोट किंवा कपडे न बदलता वजन करायचे आणि दोन्हींतला फरक हे प्यालेले दूध समजायचे, अशी ही पद्धत. रुग्णालयांत ती खरोखर वापरतात, पण तिथले काटे 2 ग्रॅमपर्यंत नेमके असतात, आणि मोजणीचा अर्थ लावणारे माणूस शेजारी उभे असते. माझ्या काट्यावर दोन्ही मोजण्यांत थोडी थोडी चूक धरली तर 20 ग्रॅमचा फरक हा 10 ही असू शकत होता आणि 30 ही. तरी मी मोजत राहिले. सकाळी 85, दुपारी 40, संध्याकाळी 20. तो वीसचा आकडा पाहून मी रडले.

बाळ दर वेळी सारखे पीत नाही, ही साधी गोष्ट तेव्हा कोणी सांगितली असती तर बरे झाले असते. महिन्याभरापासून सहा महिन्यांपर्यंत अंगावर पिणारी बाळे दिवसभरात सरासरी 750 ते 800 मिलिलिटर दूध पितात, आणि त्यातही एका बाळापासून दुसऱ्या बाळापर्यंत मोठा फरक असतो. संध्याकाळी थोडे थोडे, पुन्हा पुन्हा पिणे हे तान्ह्या बाळाचे अगदी नेहमीचे वागणे आहे. शिवाय दूध वाढते ते छाती रिकामी होण्याने. बाळ ओढते तसे शरीरात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक (हार्मोन) स्रवते आणि दूध तयार होते. ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकामुळे पान्हा फुटतो. आणि दूध साचून राहिले तर छाती स्वतःच निर्मितीचा वेग कमी करते. काट्याच्या धास्तीने मी ज्या ताणात पाजायला बसत होते, त्याने पान्हा यायलाच उशीर होत होता. म्हणजे मोजण्याची क्रिया मोजल्या जाणाऱ्या गोष्टीतच ढवळाढवळ करत होती. छाती मऊ लागते म्हणून, पंपाने जेमतेम 30 मिलिलिटर निघाले म्हणून, किंवा बाळ दोन तासांत पुन्हा उठले म्हणून दूध कमी आहे असे मानणे ही याच जातीची चूक आहे. पंप बाळाइतका कुशल नसतो, आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांनंतर भरलेपणाची जाणीव ओसरणे हे दूध मागणीशी जुळल्याचे लक्षण असते.

काट्याला विचारण्याजोगा प्रश्न निराळा आहे: “आठवड्यात किती वाढले?” जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत बाळाचे वजन घटते. 7 टक्क्यांपर्यंतची घट नेहमीची असते, 10 टक्क्यांच्या जवळ गेली तर डॉक्टरांनी पाहायला हवे, आणि साधारण दहा ते चौदा दिवसांत जन्माचे वजन परत यावे. माझे बाळ जन्मतः 3,050 ग्रॅमचे होते, चौथ्या दिवशी 2,840 वर आले आणि तेराव्या दिवशी 3,070 झाले. म्हणजे ज्या वेळी मी काट्यासाठी धावाधाव करत होते त्या वेळी सारे व्यवस्थित चालले होते. पुढे पहिले तीन महिने आठवड्याला साधारण 150 ते 200 ग्रॅमची वाढ अपेक्षित असते, आणि नंतर ती हळूहळू मंदावते. हे मोजण्यासाठी 5 ग्रॅमच्या टप्प्याचा घरगुती काटा पुरेसा आहे, कारण 180 ग्रॅममध्ये दहा-पंधरा ग्रॅमची चूक मुरून जाते. आठवड्यातून एक दिवस ठरवावा, सकाळी पाजण्यापूर्वी, लंगोट काढून, त्याच जागी वजन करावे. भरलेल्या लंगोटाचे वजन काढून पाहिले तेव्हा ते आठवड्याच्या वाढीच्या निम्म्याहून अधिक भरले, म्हणून हा आग्रह.

काट्याशिवायच्या खुणाही सांगते, कारण त्या फुकट आहेत आणि रोज मिळतात. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक ओले लंगोट, फिकट रंगाची शू, पिताना गिळण्याचा आवाज आणि पिऊन झाल्यावर सैल पडलेल्या मुठी. या चारही गोष्टी दिसत असतील तर बहुधा दूध पुरते आहे.

याच काट्याने पाचव्या आठवड्यात मात्र मला सावध केले, आणि त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. आठवड्याची वाढ फक्त 70 ग्रॅम भरली. बाळ हसतमुख होते, लंगोट पाचच्या आसपास ओले होत होते, आणि काटा नसता तर ही गोष्ट आणखी दोन आठवडे लक्षात आली नसती. बालरोगतज्ज्ञांनी तपासले, स्तनपान सल्लागार बाईंनी एक संपूर्ण पाजणी शेजारी बसून पाहिली, आणि बाळ फक्त टोक धरून ओढते आहे, स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग तोंडात नीट जात नाही, हे त्यांच्या लगेच ध्यानात आले. त्यांनी बाळाचे पोट माझ्या पोटाला टेकवले, नाक स्तनाग्रासमोर आणले, तोंड मोठे उघडेपर्यंत थांबायला शिकवले, आणि चार दिवस प्रत्येक पाजणीनंतर हाताने काढलेले माझेच थोडे दूध वाटीने द्यायला सांगितले. पुढच्या आठवड्यात काट्यावर 210 ग्रॅमची वाढ होती. दूध कमी नव्हते. ते बाळापर्यंत पोचत नव्हते. थायरॉइडचे विकार, वार (प्लॅसेंटा) गर्भाशयात राहून जाणे, बाळंतपणातील मोठा रक्तस्राव, स्तनांची जुनी शस्त्रक्रिया किंवा दुग्धग्रंथींची अपुरी वाढ अशा कारणांनी दूध खरोखर कमी असणाऱ्या आयाही असतात, आणि त्यांना “बाळाला नुसते घेत राहा” एवढेच सांगणे अन्याय्य आहे. त्यांच्या बाबतीत हाच काटा लवकर मदत मिळवून देऊ शकतो.

त्याच आठवड्यात एका रात्री मी वरच्या दुधाकडे वळले होते, आणि पातेल्यात गाईचे दूध पाणी घालून उकळायला ठेवलेही होते. ते दिले नाही याचे आज समाधान वाटते. सहा महिन्यांच्या आतील बाळासाठी गाईचे दूध योग्य नसते: त्यात प्रथिने आणि क्षार आईच्या दुधापेक्षा कितीतरी अधिक, म्हणून मूत्रपिंडांवर भार पडतो, लोह नगण्य असते, आणि काही बाळांच्या आतड्यांतून त्यामुळे नकळत सूक्ष्म रक्तस्रावही होतो. पाणी घातल्याने हे दोष जात नाहीत, उलट ऊर्जा कमी होते. भर घालावीच लागली तर आधी आईचे काढलेले दूध, नंतर उपलब्ध असल्यास दुग्धपेढीतील, इतर आयांनी दान केलेले, तपासलेले दूध, आणि नंतर पावडरचे फॉर्म्युला असा क्रम असतो. फॉर्म्युला देण्यात कमीपणा मुळीच नाही. अपराध वाटून घेणाऱ्या आईला मी हे ठामपणे सांगेन. पण पावडर निर्जंतुक नसते, म्हणून ती किमान 70 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात कालवून मग कोमट करावी, डब्यातल्याच चमच्याने सपाट मोजावी, पातळ किंवा दाट करू नये, आणि बाळाने उष्टे टाकलेले दूध ठेवून देऊ नये. फॉर्म्युला सुरू केले तरी त्या वेळी छाती रिकामी करत राहिले पाहिजे, नाहीतर दूध खरोखरच आटू लागते.

मी स्वतः दूध प्यावे की नाही, यावर घरात जितकी चर्चा झाली तितकी कशावरच झाली नाही. आईने प्यालेले दूध छातीत उतरत नाही. शरीर दूध कशापासूनही बनवते. तहान भागेल इतके पाणी, थोडे अधिक अन्न, आणि कॅल्शियमसाठी दूध किंवा दुसरा कोणताही योग्य पदार्थ, एवढे पुरते. दूध व प्राणिज पदार्थ अजिबात न घेणाऱ्या आईने मात्र बी-12 जीवनसत्त्वाची काळजी घ्यायलाच हवी, कारण ते आईच्या शरीरात कमी असेल तर दुधातही कमी पडते.

काट्यासोबत येणाऱ्या मोबाइल अॅपवर माझा रोष आहे. ते रोजची नोंद मागते आणि आलेख एक दिवस जरी सपाट झाला तरी लाल खूण दाखवते. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेले वाढीचे आलेख सहा देशांतील, अंगावर पिणाऱ्या बाळांच्या मोजणीतून बनले आहेत, आणि त्यांत बाळ कोणत्या रेषेवर आहे यापेक्षा ते आपल्या रेषेला धरून चालले आहे का, हे पाहायचे असते. अॅपमध्ये यातले काहीच नाही. मी ते वापराच्या दहाव्या दिवशी काढून टाकले आणि वही वापरली.

पहिल्या वाढदिवसानंतर या काट्याची खरी मर्यादा कळली. बाळाला गाईचे दूध आवडू लागले आणि ते दिवसाला 700 मिलिलिटरच्या वर जाऊ लागले; वजन छान वाढत होते, वहीतला आकडा मला निश्चिंत करत होता, आणि जेवण मात्र तोंडातून बाहेर येत होते. नेहमीच्या रक्ततपासणीत लोह कमी निघाले. पोट दुधाने भरले की लोह असलेल्या अन्नाला जागा राहत नाही, आणि दुधातले कॅल्शियम लोहाच्या शोषणातही अडथळा आणते. काटा वजन सांगतो. ते वजन कशाचे आहे हे सांगत नाही. डॉक्टरांच्या सांगण्याने दूध 400 ते 500 मिलिलिटरवर आणले, तेही पेल्याने आणि जेवणानंतर. दोन वर्षांपर्यंत साधारणतः साय न काढलेले, पाश्चराइज केलेले किंवा उकळलेले दूध द्यावे. वनस्पतिजन्य दुधांपैकी पोषणमूल्ये वाढवलेले सोयाचे दूध प्रथिनांच्या बाबतीत गाईच्या दुधाच्या जवळ जाते. बदाम, तांदूळ किंवा ओटचे दूध त्याची जागा घेऊ शकत नाही. मोठ्या मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींची निरोगी, नीट जेवणाऱ्या मुलाला गरज नसते.

आता घ्यावा की नाही. पूर्ण दिवसांचे, चांगले लंगोट भिजवणारे बाळ असेल आणि जवळच्या दवाखान्यात वजन करता येत असेल, तर नको. अपुऱ्या दिवसांचे बाळ, जुळी, वाढ मंदावलेले बाळ किंवा लांबचा दवाखाना असेल, तर हा काटा उपयोगाचा आहे. मात्र महिनाभर भाड्याने मिळत असेल तर विकत घेऊ नये. आकडा 5 ग्रॅमच्या टप्प्याने दाखवणाराच निवडावा, 10 ग्रॅमचा नको, आणि ताटाच्या कडा उंच असाव्यात. आमच्या काट्याच्या कडा इतक्या बुटक्या होत्या की सहाव्या महिन्यात बाळ उलटू लागताच एक हात सतत बाळापासून थोड्या अंतरावर धरून ठेवावा लागे, आणि त्या हाताच्या नुसत्या स्पर्शानेही आकडा बदलत असे.