ह्यूस्टनचा साउंड: यूजीके ऐकायचं की एसॅप रॉकी?

टेक्सासचा, म्हणजे ह्यूस्टन आणि आसपासचा स्लो, जड रॅप ऐकायचाय तर दोन ऑप्शन आहेत, यूजीके या जोडीचा १९९६ चा 'रायडिन डर्टी' अल्बम नाहीतर रॅपर एसॅप रॉकीची २०११ ची 'लिव्ह लव्ह एसॅप' मिक्सटेप.

यूजीके म्हणजे पिंप सी आणि बन बी, दोघं टेक्सासमधल्याच पोर्ट आर्थरचे, त्यामुळे तो आवाज त्यांच्या घरचाच, पिंप सी स्वतः त्याला कंट्री रॅप ट्यून्स म्हणायचा आणि ऐकलं की कळतंच का ते, ब्लूजसारखी गिटार, चर्चमधल्यासारखा ऑर्गन, खाली जाडजूड बेस, आणि वर बन बी एवढ्या शांतपणे बार्स, म्हणजे रॅपच्या ओळी, टाकतो की मी अजून रिवाइंड करून ऐकतो. हुक्स, म्हणजे परत परत येणाऱ्या ओळी, पण भारी.

रॉकी मात्र हार्लेमचा, न्यूयॉर्कवाला, आणि त्याने ह्यूस्टनच्या डीजे स्क्रूची स्टाइल उचलली, म्हणजे गाणं स्लो करायचं, आवाज खोल जातो, मधेच शब्द कापून रिपीट करायचे. पण नुसती कॉपी नाहीये, क्लॅम्स कसिनो या प्रोड्यूसरचे धुक्यासारखे बीट्स आहेत त्यात, त्याने तो साउंड वेगळाच होतो. लिरिक्स जरा पातळ वाटतात मला, कपडे आणि स्वॅग जास्त, पण मूड जबरदस्त.

हेडफोन लावून रात्री ऐकणार असाल तर रॉकी घ्या. पण रॅपमध्ये गोष्ट, माणसं, त्यांचं जगणं हवं असेल तर यूजीकेच, माझं मत तिकडेच, आणि स्क्रूच्या टेप्स तर दोन्हीच्या आधी ऐका राव.