‘सीडीआय गेलाय’ म्हणणाऱ्या मेकॅनिकपासून सावध

माझी एटीव्ही (जाड टायरांची, चार चाकी ऑफ-रोड गाडी) जुनी, कार्ब्युरेटरवाली. थंड असताना लगेच सुरू व्हायची, पण इंजिन तापलं की बंद. निवेपर्यंत स्पार्कच नाही. शिवाय पुढून खडखड आणि हँडलला थरथर. दोन्ही कामं एकाच गॅरेजला दिली. तिथल्या माणसाने प्लग काढून बघितला आणि मल्टिमीटरला हातही न लावता निकाल दिला : “सीडीआय गेलाय. पुढचे बॉल जॉइंटपण.” (बॉल जॉइंट म्हणजे पुढचं चाक सस्पेन्शनला जोडणारा फिरता सांधा.)

सीडीआय म्हणजे प्लगला स्पार्क पाठवणारा इलेक्ट्रॉनिक डबा. त्याचंच नाव का, ते सांगतो. तो डबा आतून रेझिन ओतून बंद केलेला असतो. उघडून दाखवता येत नाही, साध्या मीटरने खात्रीही करता येत नाही. खोटं बोलायला इतकी सोयीची वस्तू गाडीत दुसरी नाही! म्हणूनच प्रामाणिक मेकॅनिक त्याच्यावर सगळ्यात शेवटी येतो. आधी प्लग कॅप, इग्निशन कॉइल, स्टेटर (इंजिनवर वीज तयार करणारा), पिकअप कॉइल (स्पार्क कधी द्यायचा याचा सिग्नल देणारी), आणि किल स्विचची (इंजिन बंद करायच्या बटणाची) वायर कुठे बॉडीला घासून शॉर्ट होत नाही ना, ते. तापल्यावरच स्पार्क जात असेल तर मोठा संशय पिकअप कॉइलवर. आतली केसासारखी तार कुठेतरी तुटलेली असते. थंडपणी टोकं टेकतात, तापली की सुटतात. त्यामुळे थंड असताना रीडिंग बरोबर येतं. मोजायचं ते गाडी बंद पडल्या पडल्या.

बिल भरून गाडी आणली, तर पुन्हा तेच. जुना सीडीआय मी मागून घेतला होता. त्याच्या कपलरच्या (वायरी जोडायच्या सॉकेटच्या) पिना माझ्या वायरिंगशी जुळेचनात. दुसऱ्याच गाडीचा! माझा डबा पुसून-बिसून, फाटक्या रबरासकट जागेवरच होता. दुसऱ्या मेकॅनिकने गरम असताना मोजलं, पिकअप ओपन, म्हणजे आतली तार तुटलेली. ती बदलली आणि त्याच ‘गेलेल्या’ सीडीआयवर गाडी अजून चालते आहे.

पुढच्या चाकांच्या कामाचा राग मात्र जास्त आहे. इग्निशन बंद पडलं तर फार तर गाडी ढकलावी लागते. बॉल जॉइंट सुटला तर वेगात चाकच आडवं होतं. पुढचा भाग जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवलं, तर बॉल जॉइंटमध्ये खेळ (ढिलेपणा) तसाच होता. (डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा, बघायचा.) रबर बूट चकचकीत, वरून ग्रीस फासलेलं, पण जॉइंटच्या कॅसल नटमधली कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून आरपार घातलेली) गंजून घट्ट बसलेली. ती पिन काढल्याशिवाय नट फिरत नाही आणि नट काढल्याशिवाय जॉइंट निघत नाही. म्हणजे स्पॅनर लागलेलाच नव्हता.

जाब विचारल्यावर “पोराने चुकून दुसरा पार्ट दिला असेल” असं उत्तर मिळालं. कॉटर पिन दाखवली तेव्हा मालक आत गेला आणि सीडीआयचे पैसे घेऊन आला. बॉल जॉइंटच्या मजुरीवर अजून वाद चालू आहे. गाडी कुठे टाकणार असाल तर आधी कपलर आणि कॉटर पिनचे जवळून फोटो काढा, सीडीआयच्या तळाला पेंटचा एक ठिपका द्या. आणि हे केलंय म्हणून मेकॅनिकला सांगू नका.