ओपीडी ॲड-ऑन आणि शुगरचा सेन्सर : आमच्या पॉलिसीचा रिव्ह्यू

लेकीला टाईप १ डायबेटिस आहे, दंडाला लिब्रे सेन्सर (बोट न टोचता शुगर दाखवणारा) लावतो, एक १४ दिवस चालतो म्हणजे वर्षाला २६ लागतात, आणि मूळ आरोग्य विमा पॉलिसी फक्त ॲडमिट झालं तरच पैसे देते म्हणून मुद्दाम ओपीडीचं ॲड-ऑन (ॲडमिट न होता केलेल्या खर्चासाठीचं जादा कव्हर) घेतलं. तरी पहिला क्लेम रिजेक्ट! कारण काय तर म्हणे ‘मॉनिटरिंगचं उपकरण, उपचार नाही’. अहो, रात्री पोरगी झोपलेली असताना मोबाईल नुसता दंडाजवळ नेला की शुगर किती पडलीये ते कळतं, तिला उठवून बोट टोचावं लागत नाही, आणि त्यावरच इन्सुलिनचा डोस ठरतो, मग हा उपचार नाही तर काय?

डॉक्टरांनी मग लेटरहेडवर सविस्तर लिहून दिलं, रात्रीचे हायपो (शुगर फार खाली जाणं), रोजची इंजेक्शनं सगळं, सोबत सेन्सरच्या ग्राफची प्रिंट आणि पेशंटच्या नावाचं पक्कं बिल लावलं. पास झाला, पण लिमिट एवढी तुटपुंजी की निम्म्या वर्षातच संपते.

कस्टमर केअरवाले धड उत्तर देत नाहीत, सगळं मेलवरच लेखी मागा. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही तर विमा लोकपालांचं (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारे) ऑफिस पुण्यातच आहे, फी लागत नाही. पाचपैकी दोन स्टार.