पंप की प्रथिनं? माझा कौल द्राक्षाने ठरवला

सजीव पेशीत बाहेरपेक्षा पोटॅशियम जास्त आणि सोडियम कमी, इथपर्यंत दोन्ही पक्षांचं एकमत आहे. हा फरक टिकतो कशामुळे, यावर वाद आहे. पेशीभोवतीच्या पटलावरचे पंप एटीपी (पेशीतलं ऊर्जा पुरवणारं संयुग) खर्चून सोडियम बाहेर ढकलत राहतात, हे आपण शिकवतो ते उत्तर. शास्त्रज्ञ गिल्बर्ट लिंग यांनी १९६० च्या दशकात वेगळं मांडलं: पोटॅशियम प्रथिनांना धरून बसतं, आतलं पाणी प्रथिनांभोवती थराथरांनी रचलेलं असतं, म्हणून सोडियमला तिथे थारा मिळत नाही. एटीपी त्यांच्या मते जळण नव्हे, प्रथिनांना त्या स्थितीत धरून ठेवणारा घटक.

अकरावी-बारावीला जीवशास्त्र नव्याने शिकवायला लागलेल्यांनी यातलं काय मनाशी धरावं?

लिंग यांची मोहिनी मला ठाऊक आहे. पंपांना लागणारी ऊर्जा पेशीच्या कमाईत बसत नाही, हा त्यांचा हिशेब वाचून मी बरेच दिवस अस्वस्थ होतो. बीटाच्या प्रयोगानेही सुटका झाली नाही. गरम पाण्यात बीट रंग सोडतं. पटल फाटलं म्हणा, नाहीतर प्रथिनांची घडी मोडली म्हणा, दोन्ही खपून जातं.

अडलं ते द्राक्षाशी. नाशिकमध्ये माझ्या वर्गात निम्मी मुलं बागायतदारांच्या घरची. काढणीच्या तोंडावर पाऊस आला की मणी तडकतात, हे त्यांना माझ्याआधी माहीत. एकीने विचारलं, "सर, मण्यात तर नुसता रस आहे, प्रथिनं कुठायत?" खरंच, गराच्या पेशीचा बहुतेक भाग रिक्तिकेने (पटलाने वेढलेल्या रसाच्या पिशवीने) व्यापलेला असतो: पाणी, साखर, आम्ल. कच्च्या मण्याच्या रसाचा सामू (pH; एक अंक कमी म्हणजे हायड्रोजन आयन दहापट) तीनच्याही खाली, आणि त्याला खेटून असलेला पेशीद्रव सातच्या आसपास. म्हणजे हायड्रोजन आयनांत दहा हजार पटींहून अधिक फरक, मधे एक पातळ पटल. ज्या रसात प्रथिनं जवळपास नाहीतच, तिथे प्रथिनांवर उभा असलेला सिद्धांत मला काही सांगेना. पटलावरचा प्रोटॉन पंप, म्हणजे हायड्रोजन आयन रिक्तिकेत ढकलणारा पंप, मात्र लगेच सांगतो, आणि तोच धागा पुढे पीटर मिचेल यांच्या १९६१ च्या मांडणीपर्यंत जातो: पटलाच्या दोन बाजूंमधल्या हायड्रोजन आयनांच्या अशाच फरकावर पेशीतलं बहुतेक एटीपी तयार होतं.

बाकीचे पुरावे मग आपसूक पटले. येन्स स्को यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतांमध्ये सोडियम-पोटॅशियमवर चालणारं एटीपी फोडणारं विकर (एन्झाइम) दाखवलं, म्हणजे तो पंपच. १९६१ मध्ये माकुळाच्या (स्क्विडच्या) जाड चेतातंतूतला बहुतेक गर पिळून काढून आत पोटॅशियमचं द्रावण भरलं, तरी संदेश वाहत राहिला; म्हणजे काम आतल्या प्रथिनांचं नव्हे, पटलाचं.

पेशीद्रव म्हणजे पातळ पाणी नव्हे, तिथे प्रथिनांची दाटी आहे, हा लिंग यांचा आग्रह मला आजही मोलाचा वाटतो. तो तासाच्या शेवटी जरूर सांगा. सुरुवात मात्र मी जानेवारीत कच्चे मणी आणि सामूपट्टी घेऊन करतो.