१६ बिट की २४ बिट?

डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये ध्वनीचा प्रत्येक नमुना (क्षणाक्षणाला घेतलेले माप) किती बारीक पट्टीने मोजायचा, हे बिट डेप्थ ठरवते. १६ बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या मिळतात, २४ बिटमध्ये १ कोटी ६७ लाखांहून जास्त. आकडा डोळे दिपवतो, पण त्यामुळे आवाज आपोआप 'गोड' होत नाही. एक बिट वाढला की साधारण ६ डेसिबल मिळतात, तेही तळाशी: खरखर आणखी खाली जाते आणि सगळ्यात मोठा आवाज व ती खरखर यांमधले अंतर वाढते. १६ बिटला सुमारे ९६ डेसिबल, २४ बिटला कागदावर १४४. प्रत्यक्षात उपकरणांचीच खरखर १२० च्या आसपास आडवी येते.

रेकॉर्डिंगला मात्र मी २४ बिटच घेईन, डोळे झाकून. गायक अचानक मोठ्याने गायला तर आवाज फाटू नये म्हणून पातळी १५-२० डेसिबल खाली ठेवता येते. नंतर ती वाढवली तरी खरखर जाणवण्याइतकी वर येत नाही. १६ बिटमध्ये ही मोकळीक फार कमी.

ऐकायला? १६ बिट पुरेसे. शेवटी २४ चे १६ बिट करताना डिदरिंग (मुद्दाम अगदी बारीक खरखर मिसळणे) नीट केले असेल, तर नेहमीच्या आवाजात ऐकताना फरक ओळखणे जवळजवळ अशक्य. २४ बिटची फाइल दीडपट जागा खाते, एवढेच.