डस्टर एडब्ल्यूडी, १४ महिन्यांचा वापर: या गाडीत टायर हा गिअरबॉक्सचाच भाग आहे

गाडी: रेनो डस्टर १.५ डिझेल एडब्ल्यूडी (ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे गरज पडली की चारही चाकांना ताकद), सहा गिअर मॅन्युअल, सेकंडहँड. वापर १४ महिने, सुमारे १९,००० किमी. निम्म्याहून जास्त नाशिक–मुंबई, बाकी शहरात, त्र्यंबकच्या बाजूला आणि दिंडोरीकडच्या द्राक्षबागांच्या कच्च्या वाटांवर.

गाडीबद्दल थोडक्यात: मागचं सस्पेन्शन स्वतंत्र असल्यामुळे खड्ड्यात ती उड्या मारत नाही. पहिला गिअर फार आखूड आहे. चिखलात त्याचा खरा उपयोग होतो, सिग्नलवरून मात्र दुसऱ्यातच निघायची सवय लागते. पावसाळ्यात काळ्या चिकण मातीतून ती ज्या सहजतेने बाहेर येते, त्यासाठी ही गाडी घ्यावी असंच सांगेन. पण घेण्याआधी आणि घेतल्यानंतर एक गोष्ट समजून घ्यायलाच हवी. ती आहे टायर, आणि खाली सगळं त्याबद्दलच आहे.

ताब्यात आली तेव्हा चारही टायर २१५/६५ आर१६ होते. मागे दोन कोरे करकरीत, नक्षी (म्हणजे खाचांची खोली) ८ मिमी. पुढे जुने, नक्षी ४.५ मिमी. विकण्यापूर्वी दोनच टायर बदलायची पद्धत सगळीकडे आहे आणि साध्या गाडीत त्याने काही बिघडत नाही. इथे बिघडतं.

हिशोब सोपा आहे. नक्षी १ मिमी झिजली की चाकाची त्रिज्या १ मिमीने कमी होते आणि परीघ ६.२८ मिमीने. टायर कुठल्याही मापाचा असो, हा आकडा बदलत नाही. २१५/६५ आर१६ चा परीघ साधारण २,१५५ मिमी, म्हणजे एका किलोमीटरला ४६४ फेरे. साडेतीन मिमी झिजलेल्या टायरचा परीघ २२ मिमीने कमी, फेरे ४६९. किलोमीटरमागे जवळजवळ पाच फेऱ्यांचा फरक, नाशिक–मुंबई एका खेपेत आठशेच्या आसपास. टायरवर छापलेलं माप दोन्हीकडे तेच, तरीही.

हे जास्तीचे फेरे कुठे जातात? डस्टरमध्ये मागच्या डिफरन्शियलच्या (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) तोंडाशी विजेवर चालणारा क्लच आहे, त्याला कपलिंग म्हणतात. ऑटो मोडमध्ये पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त फिरू लागली की हा क्लच आवळला जातो आणि मागे ताकद जाते. चिखलात हेच हवं असतं. पण पुढचे टायर झिजून लहान झाले तर ते कोरड्या डांबरावरही कायम जास्तच फिरणार. संगणकाला ते घसरल्यासारखं दिसतं. क्लच थोडाथोडा आवळत राहतो, त्याच्या चकत्या एकमेकींवर घासत राहतात. शिवाय कपलिंग डिफरन्शियलच्या आधी बसलेलं असल्यामुळे तिथला फरक चाकांवरच्या फरकाच्या कित्येक पट असतो. चिखलात चाक जरा सरकलं की ताण सुटतो. डांबरावर किंवा काँक्रिटवर सुटायला जागाच नाही. इगतपुरीहून समृद्धीवर चढून ताशी १०० ने तासभर गेलं, तर चाकांमध्ये दर मिनिटाला आठ फेऱ्यांचा फरक सलग चालू राहतो. तो सगळा उष्णता होऊन तेलात जातो.

पुढे काय होतं त्याचा क्रम बहुतेक सारखाच असतो. आधी कपलिंग तापून एडब्ल्यूडी स्वतःहून बंद पडते आणि डॅशबोर्डवर इशारा येतो. गार झालं की सगळं नीट, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. मग चकत्या भाजल्या जाऊन पूर्ण स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी ठेचकाळते. त्यानंतर गिअरबॉक्सला लागून असलेला, ताकद मागे पाठवणारा ट्रान्सफर बॉक्स. अशा बॉक्समध्ये तेल जेमतेमच असतं, ते काळं पडतं, सील गळतं, बेअरिंग हूं असा आवाज करू लागतात. सगळ्यात शेवटी क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या डिफरन्शियलमधले मुख्य गिअर. रेनोच्या मॅन्युअलमध्ये चारही टायर एकाच कंपनीचे, मापाचे आणि सारख्या झिजेचे असावेत असं स्पष्ट लिहिलेलं आहे. टायरच्या दुकानात ते पान कोणी वाचत नाही.

या गाडीत ठेचकाळणं सुरू झालेलं होतं. मोकळ्या मैदानात पूर्ण स्टिअरिंग फिरवून पहिल्या गिअरमध्ये हळू गोल फिरवल्यावर ऑटोमध्ये दर काही फुटांवर धक्का, २डब्ल्यूडीमध्ये (फक्त पुढच्या चाकांना ताकद) धक्का गायब. ही चाचणी लक्षात ठेवा. २डब्ल्यूडीतही आवाज राहिला तर तो ड्राइव्हशाफ्टच्या जॉइंटचा. फक्त ऑटोमध्ये असेल तर कपलिंगवर ताण आहे. चार सारखे टायर बसवल्यावर धक्का थांबला, म्हणजे चकत्या वाचल्या होत्या. तरी ट्रान्सफर बॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलचं तेल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच घालून बदललं. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर राखाडी मलम असेल तर ठीक. कपच्या दिसल्या तर पुढचं उघडूनच पाहावं लागतं.

२डब्ल्यूडीवर ठेवून चुकीचे टायर चालवता येतील का, हा प्रश्न हमखास येतो. नाइलाजाने घरापर्यंत, हो. पण त्या मोडमध्येही ट्रान्सफर बॉक्स आणि मागे जाणारा दांडा (प्रॉपशाफ्ट) फिरतच असतात, फक्त क्लच मोकळा असतो. कायमचा उपाय तो नव्हे.

मोजायचं कसं? नक्षी मोजायचा गेज शंभर-दोनशे रुपयांत येतो. प्रत्येक टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या खाचेत मोजा, खाचेतल्या झिजेच्या खुणेच्या उंचवट्यावर टेकवू नका. गेज नसेल तर खडू पुरे. टायर गार असताना चारही चाकांत सारखी हवा भरा. सपाट जागी पुढच्या आणि मागच्या चाकावर अगदी खाली, जमिनीला टेकतं तिथे, खडूची रेघ मारा. गाडी सरळ पुढे ढकलत पुढच्या चाकाचे बरोबर १० फेरे होऊ द्या, साधारण २१ मीटर लागतात. मग मागच्या चाकाची रेघ बघा. घड्याळाच्या तबकडीवरच्या एका आकड्याइतकी, म्हणजे फेऱ्याच्या बाराव्या भागाइतकी, मागे किंवा पुढे असेल, तर नक्षीत ३ मिमीचा फरक आहे. त्याच्या निम्म्याच्या आत असेल तर चालेल. माझी मर्यादा दीड मिमी. सुबारू तर परिघात पाव इंच, म्हणजे नक्षीत जेमतेम १ मिमी फरक चालवून घेते.

हवेचा परिणाम लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी असतो, कारण रेडियल टायरच्या आतला स्टीलचा पट्टा आखडत नाही. कंपनीचा परिणाम मात्र जास्त. एकाच मापाचे दोन ब्रँड प्रत्यक्षात सारखे निघतीलच असं नाही. आणि २१५/६५ च्या जागी दुकानात २१५/६० पुढे केला तर सरळ नको म्हणा. परीघ ३ टक्क्यांनी कमी होतो, किलोमीटरला १५ फेऱ्यांचा फरक.

पुढचे टायर कसारा घाटात लवकर झिजतात, म्हणून रोटेशन दर ८,००० किमीला, आणि पाच टायरचं. मागचे दोन सरळ पुढे. पुढचा उजवा मागे डावीकडे. स्टेपनी मागे उजवीकडे. पुढचा डावा स्टेपनीत. दिशेचा बाण असलेल्या टायरला हे जमत नाही, म्हणून तसे घेऊच नयेत. १४ महिन्यांत दोनदा केलं. आजची मापं: पुढे ५.९ आणि ६.०, मागे ६.३ आणि ६.२, स्टेपनी ६.५.

स्टेपनीला यात घेण्याचं कारण नाशिकमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींच्या बाजूला टायरला खिळा लागणं नेहमीचं. बाजूची भिंत फाटली तर तो टायर गेलाच. कोरी स्टेपनी चढवली की एका चाकाचा फरक सुरू. डिफरन्शियल तो दोन बाजूंत वाटून घेतं, म्हणून कपलिंगला अर्धाच जाणवतो, पण ते डिफरन्शियल स्वतः आतून सतत फिरत राहतं. पाचही टायर सारखे झिजवले असतील तर फाटलेल्याच्या जागी जुळणारा टायर हाताशी असतो आणि नवा एक टायर निवांत स्टेपनीत ठेवता येतो.

थार, जिम्नी, स्कॉर्पिओ-एन यांचं गणित वेगळं. त्यांत पुढच्या-मागच्या एक्सलच्या मधे डिफरन्शियल नाही आणि असा क्लचही नाही, ४एच (चारही चाकांचा मोड) लावलं की पुढचा-मागचा एक्सल सरळ बांधला जातो. २एचमध्ये (दोनच चाकांना ताकद) झिजेच्या फरकाने फार बिघडत नाही, पण डांबरावर ४एच लावूच नये, आणि टायर वेगळे असतील तर अजिबात नाही. लिव्हर अडकली तर जबरदस्ती करू नका. थोडं रिव्हर्स घ्या, ताण सुटतो.

जुनी एडब्ल्यूडी बघायला जाताना गेज आणि खडू खिशात ठेवा. टायरच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. चारही टायरवर ते जवळपास सारखे नसतील तर विचारा की दोन कधी बदलले आणि त्यानंतर गाडी किती चालली. मग मैदानात पूर्ण स्टिअरिंगची चाचणी, आणि गाडी लिफ्टवर घेऊन ट्रान्सफर बॉक्सच्या सीलभोवती तेलाची ओल. ओल दिसली तर किमतीत चार टायरच नव्हे, तो बॉक्सही धरा.