जुनी वेबसाइट दुरुस्त करायची की नवी बांधायची? नाशिकच्या व्यावसायिकांसाठी मोबाइलचा हिशेब

पंचवटीतलं लॉज, येवल्यातलं पैठणीचं दुकान आणि अंबड एमआयडीसीतला सुटे भाग बनवणारा कारखाना. तिघांकडे दहा-बारा वर्षांपूर्वी करून घेतलेली वेबसाइट आहे आणि तिघांनाही गिऱ्हाइकाकडून एकच ऐकायला मिळतं, "मोबाइलवर नीट दिसत नाही हो." त्यावर सल्ले मात्र पाच प्रकारचे येतात. डागडुजी करू. सगळी नव्याने बांधू. मोबाइलपुरती वेगळी साइट काढू. ॲप करू. किंवा मग, वेबसाइट हवी कशाला, व्हॉट्सॲप आणि गूगल मॅप पुरे की!

माझं मत आधीच सांगून टाकतो. वेगळी मोबाइल साइट आणि ॲप हे दोन पर्याय बहुतेकांनी पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवावेत. विचार करायचा तो डागडुजी आणि नवं बांधकाम यांच्यात. व्हॉट्सॲप-मॅप जोडीला हवंच, पण एकट्याच्या भरवशावर नको.

वेगळी मोबाइल साइट म्हणजे पत्त्याआधी 'एम' लावलेली, मजकूर छाटलेली आवृत्ती. स्मार्टफोन नवे होते तेव्हा तिला अर्थ होता. आज तिच्यामुळे कामं दुप्पट होतात: खोलीचं भाडं एकीकडे बदललं आणि दुसरीकडे राहिलं, की काउंटरवर वाद ठरलेला. शिवाय गूगलने वेबसाइटची मोबाइल आवृत्ती हीच मुख्य धरायचं २०१६ मध्ये जाहीर केलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ते स्थित्यंतर पूर्ण केलं. छाटलेल्या आवृत्तीत जे नाही, ते शोधातही धरलं जात नाही.

ॲप रोज परतणाऱ्या गिऱ्हाइकासाठी असतं. दुधाचा रतीब, क्लासेस, घरपोच किराणा यांनी जरूर विचार करावा. काळारामाच्या दर्शनाला आलेलं कुटुंब एका रात्रीच्या मुक्कामासाठी ॲप उतरवून घेणार नाही. खर्चही एकदाच होत नाही. गूगल प्लेची नोंदणी एकदाच २५ डॉलर, ॲपलची दरवर्षी ९९ डॉलर, आणि फोनची प्रणाली बदलली की दुरुस्ती आलीच.

व्हॉट्सॲप आणि मॅपचं तसं नाही. फुकट आहे, गिऱ्हाइकाच्या हातात आधीच आहे, आणि एखाद्या मिसळीच्या ठिकाणाला वेळ, फोटो, रस्ता एवढंच दाखवायचं असेल तर पुष्कळ झालं. फक्त ती जागा आपली नाही, दुसऱ्याच्या मर्जीवर आहे. गूगलने व्यवसायांना दिलेल्या फुकट छोट्या वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. ज्यांनी तोच पत्ता व्हिजिटिंग कार्डावर छापला होता, त्यांची कार्डं वाया गेली.

डागडुजी कुठवर चालते?

जुन्या साइटच्या पानात व्ह्यूपोर्ट नावाचा टॅग, म्हणजे पान फोनच्या रुंदीत दाखव असं ब्राउझरला सांगणारी ओळ, बहुधा नसतो. तो नसला की फोनचा ब्राउझर पान साधारण ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून ते आक्रसून दाखवतो. म्हणून अक्षरं मुंगीएवढी. "एक टॅग टाकला की झालं" असं सांगणारे भेटतात, पण पानाची रुंदीच ठोकून बसवलेली असेल तर टॅग टाकल्यावर अक्षरं मोठी होतात आणि अर्धं पान उजवीकडे पडद्याबाहेर जातं.

याची परीक्षा घरीच होते. संगणकावर साइट उघडा आणि ब्राउझरची खिडकी अरुंद करत जा. मजकूर दुमडत खाली उतरला, तर डागडुजीत भागण्यासारखं आहे. खाली आडवी पट्टी आली आणि मजकूर कापला गेला, तर डागडुजीचा खर्च हळूहळू नव्याच्या जवळ जातो.

मग बाकीची दुखणी मोजा. माऊस वर नेल्यावर उघडणारे मेनू बोटाने नीट उघडत नाहीत. फोन नंबर चित्रात असेल तर त्यावर दाबून कॉल लागत नाही. बटणं इतकी जवळ की बोट भलतीकडे लागतं, गूगलचं मोजमाप सुमारे ४८ पिक्सेलचं आहे. फॉर्ममधली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असली की आयफोन रकाना दाबताक्षणी पान मोठं करतो आणि माणूस गोंधळतो. मोबाइल नंबरच्या रकान्यात आकड्यांचा कीबोर्ड उघडायला हवा. ही सगळी कामं डागडुजीत होतात, आणि स्वस्तात होतात.

मराठी मजकुराचं काय, ते मात्र वेगळं तपासा. युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोन-संगणकावर मराठी मराठीच दिसेल अशी सर्वमान्य पद्धत, रुळण्याआधीच्या कित्येक साइट श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फाँटांत टंकलेल्या होत्या. तो फाँट फोनमध्ये नसतो, त्यामुळे मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. गूगललाही ती तशीच दिसते, म्हणून 'पंचवटी लॉज' शोधणाऱ्याला तुमचं पान सापडत नाही. इथे वरवरची मलमपट्टी नाही; सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो, आणि परिवर्तकाने केल्यावर जोडाक्षरं आणि रफार माणसाने वाचून तपासावे लागतात. इतकं करायचंच असेल तर मी नव्या साइटच्या बाजूने कौल देतो.

नव्या साइटमध्येही मराठीची एक हौस आवरा. देवनागरी फाँटची फाइल जोडाक्षरांमुळे रोमनपेक्षा जड असते. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' नावाचा मोफत फाँट छान आहे, पण तो दोनच जाडींत घ्या. मजकुरासाठी फोनमधला स्वतःचा फाँट चालतो. ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवायला सांगा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना टेकतात.

नव्याचा धोका

नव्या साइटचं खरं नुकसान वेगळ्याच ठिकाणी होतं. जुन्या पानांचे पत्ते बदलतात, आणि वर्षानुवर्षं गूगलमध्ये वर दिसणारी पानं 'सापडत नाही' म्हणू लागतात. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळण, म्हणजे ३०१ रीडायरेक्ट, लावून द्यायचं हे करारातच लिहून घ्या.

दुसरा धोका थाटाचा. नवी साइट म्हटली की वर पाच फोटोंचा सरकता पडदा येतो, एकेक फोटो कॅमेऱ्यातून निघाला तसाच. गूगलचे निकष सांगतात की मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा आणि दाबल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत यावा. कसारा घाटातून येणाऱ्या गाडीत, रेंज येत-जात असताना, जड पान हलतच नाही. २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडाच्या आसपास लाखो फोन एकाच वेळी नेटवर्क मागतील. पंचवटीतल्या लॉजवाल्याने हे डोळ्यासमोर ठेवूनच साइट ठरवावी: आकार कमी करून हलका केलेला एकच फोटो, नंबर, भाडं, पार्किंग आणि रामकुंडापासूनचं अंतर पहिल्याच पडद्यावर. त्याच्यासाठी माझा सल्ला नवी, हलकी साइट. आणि ती सिंहस्थाच्या आधी पुरेसे महिने, म्हणजे गूगलला नवी पानं ओळखायला वेळ मिळेल.

पैठणीच्या दुकानाचा प्रश्न पानाच्या वजनाशी भांडतो. पदरावरचा मोर बघायला गिऱ्हाईक दोन बोटांनी फोटो मोठा करतं, आणि काही जुन्या साइटवर तेच बंद केलेलं असतं. ते आधी चालू करा. यादीत छोटा फोटो, दाबल्यावर मोठा, असं केलं की वेगही राहतो. विक्री फोनवर बोलूनच होत असेल तर व्हॉट्सॲपचा कॅटलॉग आणि चार पानांची डागडुजी केलेली साइट पुरते. पैसे ऑनलाइन घ्यायचे असतील तरच नव्याचा खर्च करा.

अंबडच्या कारखान्याला मी सहसा डागडुजीच सुचवेन. खरेदी विभाग माप आणि ड्रॉइंग संगणकावरच बघतो; फोनवर उघडली जाते ती व्हॉट्सॲपवर आलेली लिंक, तीही कंपनी खरी आहे का एवढं पाहायला. मापांचे रुंद तक्ते मोडू नका. तेवढाच तक्ता आपल्या चौकटीत आडवा सरकेल असं करा, बाकी पान जागेवर राहू द्या.

काम दाखवायला येणाऱ्याला त्याच्या महागड्या फोनवर, ऑफिसच्या वायफायवर दाखवू देऊ नका. तुमच्या काउंटरवरच्या पोराचा साधा अँड्रॉइड घ्या, मोबाइल डेटा चालू करा आणि त्याच्याकडून एक बुकिंग करून घ्या. कुणी गूगलच्या 'मोबाइल फ्रेंडली टेस्ट'चा हिरवा शेरा दाखवला तर तारीख विचारा; ती चाचणी डिसेंबर २०२३ मध्येच बंद झाली. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग तपासणाऱ्या साधनाचा अहवाल मागा, तोही मोबाइलच्या रकान्यातला. आणि आगाऊ रक्कम देण्याआधी डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे ते बघून घ्या. जुन्या डिझायनरच्या नावावर निघालं, तर दुरुस्ती की नवी याच्या आधी ते काम.